गार इंजिनाला ऊब : ब्लोलॅम्प ते हीटर



डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोरानं दाबली की तापते, आणि तिच्यात फवारलेलं डिझेल पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल यांचं असं इंजिन जर्मनीत आउग्सबुर्ग येथे १८९७ साली यशस्वी ठरलं. पण कडाक्याच्या थंडीत हवा दाबूनही पुरेशी तापत नाही.

यावर एक उपाय म्हणजे बाहेरून ऊब द्यायची. १९२१ च्या जर्मन लान्झ बुलडॉग ट्रॅक्टरचं इंजिन वेगळ्या जातीचं. त्याच्या डोक्यावरचा लोखंडी गोळा आधी ब्लोलॅम्पनं लाल करावा लागे, मगच ते चाले.

१९८९ साली अमेरिकेत डॉज पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटर डिझेल इंजिन आलं. त्यात हवा आत शिरते त्या वाटेवरच विजेवर तापणारी जाळी बसवली.

अशी गाडी थंडीत रेंगाळली, पांढरा धूर सोडू लागली, तर चावी फिरवून व्होल्टमीटर बघा. जाळीला वीज गेली की काटा खाली येतो. आला नाही तर फ्यूज, रिले आणि तारांची टोकं तपासा. इंजिन गरम झाल्यावरही काटा खालीच राहिला तर रिले चिकटला समजा. तो बॅटरी उतरवील. हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडा.

आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. अशा इंजिनात ईथर कधीही मारू नका. तापल्या जाळीवर ते भडकतं. इंजिन फुटतं, माणूस भाजतो.