नीटचा निकाल नीट वाचूया : बारावीचे टक्के ते पर्सेंटाइल

नीटचा निकाल लागला की आठवडाभर माझा फोन वाजत राहतो. प्रश्न ठरलेला : "पोरगी क्वालिफाय झाली, ९० पर्सेंटाइल आहेत. सरकारी मिळेल ना?" विचारणाऱ्याचा यात दोष नाही. आपले कान बारावीच्या टक्क्यांना सरावलेत, त्यामागे इतिहास आहे.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात मेडिकलचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर व्हायचा. 'लातूर पॅटर्न' गाजला तो याच काळात. मार्क समोर, लिस्ट समोर, हिशेब सोपा. त्या दशकाच्या अखेरीस राज्याची सीईटी आली आणि बारावीचं वजन उतरलं. देशपातळीवर मात्र आधीच वेगळी वाट पडली होती. डॉ. प्रदीप जैन खटल्यात (१९८४) सुप्रीम कोर्टाने काही जागा सगळ्या देशासाठी खुल्या ठेवायला सांगितल्या. पुढे तो वाटा १५ टक्के ठरला आणि १९८८ पासून त्यासाठी सीबीएसई परीक्षा घेऊ लागलं. ८५ टक्के राज्याचे, १५ टक्के देशाचे, ही सरकारी कॉलेजांतली वाटणी आजही तीच आहे.

२०१३ च्या मे महिन्यात पहिली नीट झाली. जुलैत कोर्टाने ती रद्द ठरवली, आपण परत सीईटीवर आलो. एप्रिल २०१६ मध्ये कोर्टाने तो निकाल मागे घेतला आणि त्याच वर्षी नीट घ्यायला सांगितलं. आपली सीईटी ५ मे रोजी होती! दोन वर्षं राज्याच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं वाचलेली पोरं अक्षरशः हवालदिल झाली. शेवटी केंद्राने अध्यादेश काढला, ते वर्ष निभावलं. २०१७ पासून मात्र राज्यातही नीटच, पेपर मराठीतही.

आता निकालाच्या कागदाकडे या. त्यावर मार्क, पर्सेंटाइल आणि ऑल इंडिया रँक असते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी साधारण १० जण तुमच्या पुढे. २०२५ ला २२ लाखांवर मुलं बसली होती, म्हणजे पुढे सव्वादोन लाखांच्या आसपास. देशात एमबीबीएसच्या जागा, सरकारी आणि खाजगी धरून, साधारण सव्वा लाख. करा हिशेब.

'क्वालिफाय' हा शब्द तर फार फसवा. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल लागतात. २०२५ ला ते ७२० पैकी १४४ मार्कांवर मिळाले, म्हणजे फक्त २० टक्के! १२ लाखांवर मुलं पात्र ठरली. पात्र म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, बाकी काही नाही.

आणि मागच्या वर्षीच्या मार्कांशी तुलना तर करूच नका. २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला पेपर असा निघाला की देशात पहिला आलेल्याला ६८६. त्या वर्षी ६५० च्या वर देशभरात फक्त ७३ मुलं होती. आदल्या वर्षी तेवढे मार्क घेणारी हजारोंनी होती. मार्क तेच, पण किंमत जमीन-अस्मानाची. म्हणून बघायची ती रँक.

त्यातही महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांसाठी सीईटी सेलची राज्य गुणवत्ता यादी महत्त्वाची. तिच्यातला तुमचा क्रमांक आणि तुमचा प्रवर्ग, यावर कॉलेज ठरतं. पूर्वी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा प्रादेशिक कोटाही होता. तो २०२० मध्ये गेला, त्यामुळे त्याआधीचे कटऑफ आज कामाचे नाहीत.

हे सगळं सांगायचं कारण एकच. निकालानंतरच्या या गोंधळातच एजंट घरी येतात. "पोरगी क्वालिफाय आहे, सीट करून देतो" म्हणतात आणि बाप जमिनीचा कागद बाहेर काढतो. नीटशिवाय खाजगीतही एमबीबीएस नाही आणि जागावाटप अधिकृत फेऱ्यांतूनच होतं. कुणाला रुपया देण्याआधी राज्य यादीतला क्रमांक आणि गेल्या वर्षीच्या फेऱ्यांचे कटऑफ शेजारी ठेवून बघा. जमत नसेल तर कमेंटमध्ये क्रमांक आणि प्रवर्ग टाका, आपण मिळून बघू. पोरांची नावं मात्र टाकू नका.