धन-ऋण चिन्हांचा क्रम : अनुमान आणि सिद्धता

संख्यांच्या श्रेढीत पदांची मूल्ये ठरविणे हे एक कार्य, आणि त्या पदांमागील धन-ऋण चिन्हांचा क्रम ओळखणे हे दुसरे. दुसरे कार्य वरवर पाहता गौण वाटते. कारण चिन्हे दोनच, आणि मूल्ये मात्र अगणित. तथापि गणिताच्या इतिहासात ह्या दोन चिन्हांच्या क्रमाने थोर थोर गणितज्ञांना जेवढे चकविले आहे, तेवढे मूल्यांनी क्वचितच चकविले असेल. आरंभीच्या काही पदांत दिसणारी लय हा नियम मानावयाचा की योगायोग, हा प्रश्न येथे आपल्या शुद्ध स्वरूपात उभा राहतो.

ह्या चिन्हांची नावे व्यवहारातून आली आहेत. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ च्या ब्रह्मस्फुटसिद्धान्तात धन, ऋण आणि शून्य ह्यांच्या बेरजा-गुणाकारांचे नियम सांगितले, तेव्हा संपत्ती आणि कर्ज हे अर्थ त्या शब्दांत जिवंत होते. भास्कराचार्याच्या बीजगणितात ऋण राशीवर बिंदू देण्याचा संकेत आढळतो. राशीला चिन्ह जोडण्याची सोय झाली, की चिन्हांच्या क्रमाचा विचार करणेही शक्य होते.

असा क्रम सकारण मांडल्याचे एक ठळक उदाहरण केरळात मिळते. संगमग्रामच्या माधवाच्या (सु. १३४०–१४२५) नावाने ओळखल्या जाणाऱ्या श्रेढीत वर्तुळाचा परिघ १, एक-तृतीयांश, एक-पंचमांश, एक-सप्तमांश अशा पदांनी काढला जातो आणि पदे आळीपाळीने धन व ऋण घेतली जातात. ही आळीपाळी कोठून आली, ह्याचे उत्तर ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात मलयाळम् भाषेत लिहिलेल्या युक्तिभाषा ह्या ग्रंथात दिलेले आहे. खऱ्या भाजकाऐवजी त्याहून लहान अशा सोयीच्या भाजकाने भागले, तर फल वाजवीपेक्षा मोठे येते. म्हणून त्यातून काही वजा करावे लागते. परंतु वजा करावयाची राशीही त्याच लहान भाजकाने काढलेली असल्यामुळे तीही मोठी, म्हणून पुन्हा थोडे मिळवावे लागते. आणि हा क्रम असाच चालतो. येथे चिन्हांचा क्रम पदांची यादी पाहून ओळखलेला नाही. तो कृतीच्या पोटातून निघालेला आहे. म्हणूनच पुढील पदांविषयी शंका उरत नाही.

लेओनार्ट ऑयलर (१७०७–१७८३) ह्याच्यापुढे आलेला प्रसंग निराळा होता. १७४० साली बर्लिनच्या फिलिप नोदे ह्याने त्याला पत्राने विचारले, की ५० ही संख्या सात भिन्न संख्यांच्या बेरजेच्या रूपाने किती प्रकारे मांडता येईल. उत्तर ५२२ असे आहे. अशा विभाजनांचा विचार करीत असता ऑयलर एका अनंत गुणाकाराकडे वळला : एकातून क्ष, क्ष-वर्ग, क्ष-घन इत्यादी क्रमाने वजा करावे आणि येणारे सर्व अवयव परस्परांस गुणावे. गुणाकार पुरा केल्यावर बहुतेक सर्व पदे नाहीशी होतात. उरतात ती क्षचे १, २, ५, ७, १२, १५, २२, २६ असे घात असलेली पदे. त्यांची चिन्हे जोडीजोडीने बदलतात : दोन ऋण, दोन धन, पुन्हा दोन ऋण, पुन्हा दोन धन. शून्यापासून आरंभ करून ह्या घातांमधील अंतरे पाहिली तर ती १, १, ३, २, ५, ३, ७, ४ अशी येतात. म्हणजे एकाआड एक विषम संख्या आणि एकाआड एक क्रमिक संख्या.

ऑयलरजवळ ह्याची सिद्धता नव्हती. तरी ह्या क्रमाच्या आधारे त्याने विभाजकांच्या बेरजेचा एक विलक्षण नियम मिळविला आणि १७४७ च्या सुमारास लिहिलेल्या, १७५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तो मांडला. उदाहरणार्थ, १२ च्या विभाजकांची बेरीज हवी असेल, तर १२ मधून अनुक्रमे १, २, ५, ७ आणि १२ वजा करून ११, १०, ७, ५ आणि ० ह्या संख्या घ्याव्यात. पहिल्या चारांच्या विभाजकांच्या बेरजा १२, १८, ८ व ६ आहेत. शून्याच्या जागी मूळ संख्या १२ हीच धरावयाची. आता दोन धन, दोन ऋण ह्या क्रमाने १२ + १८ − ८ − ६ + १२ केले असता २८ येतात, आणि १, २, ३, ४, ६, १२ ह्यांची बेरीज २८ च आहे. निबंधात ऑयलरने सिद्धतेचा अभाव लपविलेला नाही. १७५० मध्ये गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात त्याने अखेर सिद्धता कळविली.

चिन्हांचे कारण मात्र अधिक उघड झाले ते १८८१ मध्ये, फेबियन फ्रँकलिन ह्याच्या सिद्धतेने. एखाद्या संख्येची भिन्न भागांत केलेली विभाजने घ्यावीत. भाग सम असलेली विभाजने धन, विषम असलेली ऋण मोजावीत. ६ साठी ६ व ३+२+१ ही ऋण, तर ५+१ व ४+२ ही धन, बाकी शून्य. ५ साठी ५ हे ऋण, ४+१ व ३+२ ही धन. बाकी धन एक. फ्रँकलिनने दाखविले, की सम व विषम विभाजने नेहमी जोडीने परस्परांस खोडतात. केवळ ऑयलरच्या घातांच्या ठिकाणी एक विभाजन जोडीवाचून राहते, आणि त्याच्या भागांची संख्याच चिन्ह ठरविते.

ऑयलरच्या त्या निबंधाचा विसाव्या शतकातील मोठा चाहता म्हणजे ज्यॉर्ज पोल्या. गणितातील विगमनावर १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने तो निबंध इंग्रजीत आणून आदर्श म्हणून वाचकांपुढे ठेवला. ह्याच पोल्याने १९१९ मध्ये स्वतः एका चिन्हक्रमाविषयी अटकळ मांडलेली होती. प्रत्येक संख्येचे अविभाज्य अवयव पुनरावृत्तीसह मोजावेत. ते सम असतील तर धन एक, विषम असतील तर ऋण एक लिहावे. १ पासून १० पर्यंत ही बेरीज शून्य येते. २ पासून पुढे कोठेही थांबले तरी बेरीज धन होत नाही, असा पोल्याचा तर्क होता. १९५८ मध्ये, म्हणजे त्या ग्रंथानंतर चारच वर्षांनी, हेझलग्रोव्हने तो असत्य असल्याचे सिद्ध केले. १९८० मध्ये तानाकाने दाखविले, की ही बेरीज प्रथम धन होते ती ९०,६१,५०,२५७ ह्या संख्येशी. त्यापूर्वीची नव्वद कोटींहून अधिक उदाहरणे तर्काच्या बाजूने साक्ष देत होती.

मेर्टेन्सच्या अटकळीची गत ह्याहूनही बोधप्रद आहे. वर्गाने भाग जाणाऱ्या संख्यांना शून्य आणि बाकीच्यांना वरीलप्रमाणे चिन्ह दिले, तर बेरजेचे परिमाण त्या संख्येच्या वर्गमुळाहून नेहमी लहान राहते, असे १८९७ मध्ये १०,००० पर्यंतच्या कोष्टकावरून मेर्टेन्सने मानले. हे खरे असते तर रीमानचे सुप्रसिद्ध गृहीतकही त्यातून सिद्ध झाले असते. १९४२ मध्ये इंगमने ह्या दोन्ही अटकळींविषयी संशयास सबळ कारण दिले, आणि १९८५ मध्ये ओडलिझ्को व ते रीले ह्यांनी मेर्टेन्सची अटकळ खोडून काढली. मात्र जेथे ती मोडते अशी एकही विशिष्ट संख्या अद्याप हाती आलेली नाही.

ऑयलर तरला आणि पोल्या फसला, ह्याचे कारण केवळ दैव म्हणावे काय? तसे म्हणणे योग्य होणार नाही. ऑयलरच्या विधानात गुणाकाराचे प्रत्येक नवे पद नियमाला खोटे ठरवू शकत होते. गुणक कोणतीही पूर्ण संख्या असू शकत होता, तरी तो नेमका शून्य, धन एक किंवा ऋण एक एवढाच येत होता, तोही नेमक्या जागी. पोल्याचे विधान केवळ एका बाजूस राहण्याचे होते. त्याच्या बेरजेला ऋणाकडे झुकण्याचा खराच कल आहे. पण त्या कलावर अनेक मंद लाटा खेळतात, आणि फार दूरवर त्या एकत्र आल्या म्हणजे कल उलटतो. अशा ठिकाणी उदाहरणांची संख्या वाढली म्हणजे पुरावा त्या प्रमाणात वाढतोच असे नाही.

सामग्रीवरून नियम बांधणाऱ्या कोणत्याही शास्त्राच्या अभ्यासकाने ह्यातून घ्यावयाचा बोध असा, की किती उदाहरणे जुळली एवढेच विचारून भागत नाही. त्या उदाहरणांना न जुळण्याची कितपत मोकळीक होती, हेही विचारावे लागते. युक्तिभाषेत चिन्हाचे कारण आधी सांगितले आहे, ऑयलरला ते मागाहून सापडले, आणि पोल्या व मेर्टेन्स ह्यांच्या क्रमांत ज्या कारणाची अपेक्षा होती ते मुळात नव्हतेच.