अन्ननलिकेतील सौम्य अर्बुदे

अन्ननलिकेत गाठ आहे म्हटले की रुग्णाच्या मनात कर्करोगच येतो, आणि बहुतेक वेळा ती भीती खरी ठरते. इतरत्र न पसरणाऱ्या, म्हणजे सौम्य गाठी या नलिकेत क्वचितच होतात. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लिओमायोमा प्रकारच्या असतात. हे अर्बुद भिंतीतील अरेखित स्नायूंतून वाढते. नलिकेच्या वरच्या भागात मुख्यतः रेखित स्नायू असल्याने ते बहुधा मधल्या व खालच्या भागात आढळते. २० ते ५० वर्षे वयाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण अधिक.

गाठ सावकाश वाढते. निम्म्याहून अधिक जणांना काहीच त्रास नसतो; साधारण ५ सें.मी.पुढे गेल्यावर घास अडकू लागतो, छातीत दडपण येते. कर्करोगात काही महिन्यांतच भाकरी सुटून रुग्ण पेजेवर येतो आणि वजन झपाट्याने उतरते. लिओमायोमात तीच तक्रार वर्षानुवर्षे रेंगाळते. म्हणून त्रास कधीपासून आणि कसा वाढत गेला, हे खोदून विचारायलाच हवे.

बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रात कडेला गुळगुळीत, चंद्रकोरीसारखी खाच दिसते. एंडोस्कोपीत फुगवटा दिसतो, पण त्यावरचे अस्तर शाबूत असते आणि दुर्बिणीच्या टोकाने ढकलल्यास गाठीवरून सरकते. असे दिसल्यावर चिमट्याने तुकडा काढण्याचा मोह टाळावा. तुकडा वरवरचा निघतो, गाठीपर्यंत पोचत नाही. मागे राहिलेल्या व्रणामुळे अस्तर गाठीला चिकटते आणि पुढे शस्त्रक्रियेत फाटते. त्याऐवजी एंडोस्कोपिक सोनोग्राफी करावी. तिच्यात भिंतीचे पाच थर वेगळे दिसतात. लिओमायोमा बहुधा चौथ्या, स्नायूंच्या थरात काळसर व एकसंध दिसतो. जिस्ट हे अर्बुदही असेच दिसू शकते. शंका उरल्यास सुईने पेशी घेऊन तपासतात: जिस्टमध्ये सीडी११७ हे प्रथिन सहसा सापडते, लिओमायोमात नाही.

लहान, त्रास न देणारी गाठ ठरावीक काळाने तपासत राहणे पुरते. ती कर्करोगात बदलणे अत्यंत विरळ. त्रास होत असेल किंवा गाठ वाढत असेल, तर छातीत दुर्बीण घालून स्नायूंचे तंतू लांबीच्या दिशेने विलग करतात व अस्तराला धक्का न लावता गाठ सोलून काढतात. निवडक गाठी आता तोंडावाटे, अस्तराखाली बोगदा करूनही काढतात. नलिकेला वेढणाऱ्या फार मोठ्या गाठीसाठी मात्र तेवढा भाग कापावा लागतो.

तंतु-वाहिनीमय पॉलिप हा विरळ प्रकार वेगळा. तो वरच्या टोकाला देठाने लोंबतो, ओकारीबरोबर तोंडात येऊन श्वास कोंडू शकतो. त्यामुळे तो आढळताच काढावा.