कर्करोग, डोके व मानेचा : किरणोपचारानंतरचा पुनरुद्भव
किरणोपचार संपल्यावर तोंड, घसा, स्वरयंत्र वा मानेच्या गाठींत कर्करोग परतणे. बहुतेक पुनरुद्भव पहिल्या दोन वर्षांत होतात. त्यामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे अनेक रुग्ण लोकलच्या दिव्यांग डब्यातून (कर्करुग्णांना तिथे मुभा आहे) परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीला येत राहतात. ही फेरी चुकवू नयेच. न भरणारा व्रण, कानात जाणारी कळ किंवा नवी गाठ आढळताच बायोप्सी हवी. किरणांनी कुजलेले जबड्याचे हाडही तसेच भासते. शक्य तिथे शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. मात्र किरण दिलेल्या जागी जखम नीट भरत नाही, म्हणून अनेकदा छातीचा स्नायू फिरवून लावतात. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या रुग्णांवरील टाटाची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली : मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब या गोळ्यांना दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब जोडल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले.