स्टॅटिन औषधांचा इतिहास : शोधापासून सिद्धतेपर्यंत (१९७३ ते १९९४)

प्रस्तावना :
रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करून हृदयविकार व पक्षाघात यांना प्रतिबंध करणारी स्टॅटिन वर्गातील औषधे आज सर्वपरिचित आहेत. त्यांचा इतिहास मात्र बहुधा एका शास्त्रज्ञाच्या यशाची कथा म्हणून सांगितला जातो. वस्तुतः औषधाचा शोध लागणे आणि त्यामुळे प्राण वाचतात हे सिद्ध होणे या दोन भिन्न घटना होत. येथे त्यांत २१ वर्षांचे अंतर पडले. या अंतराची मीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शोध आणि साशंकता :
यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पदार्थ बुरशीत सापडेल, या तर्काने जपानमधील सांक्यो कंपनीचे संशोधक अकिरा एंडो यांनी १९७१ पासून बुरशीचे सुमारे ६,००० नमुने तपासले. १९७३ मध्ये ‘पेनिसिलियम सिट्रिनम’ या बुरशीतून कॉम्पॅक्टिन हाती आले. परंतु उंदरांवर त्याचा परिणाम दिसेना. अंड्यात कोलेस्टेरॉल विपुल असते, हे ध्यानी घेऊन १९७६ मध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला. १९७८ मध्ये ओसाका येथे आनुवंशिक कोलेस्टेरॉलवृद्धीच्या रुग्णांवर उपचार सुरू झाले. तथापि कुत्र्यांवरील दीर्घकालीन चाचणीत कर्करोगाची शंका आल्याने १९८० मध्ये सांक्योने हे काम थांबविले. ती वार्ता पोहोचताच अमेरिकेतील मर्क कंपनीनेही आपल्या लोव्हास्टॅटिनच्या चाचण्या स्थगित केल्या. अन्य उपाय न उरलेल्या रुग्णांसाठी डॉक्टरांनी ते मागितले, तेव्हाच १९८२ मध्ये त्याचा वापर पुन्हा सुरू झाला.

सिद्धता :
१९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली, ती कोलेस्टेरॉल घटते या आधारावर. आयुष्य वाढते काय, हा प्रश्न अनुत्तरितच होता. त्याचे उत्तर १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीने दिले. सुमारे साडेपाच वर्षांत निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २५६, तर सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२ रुग्ण दगावले. पुढे २००२ मध्ये ब्रिटनमधील २०,५३६ व्यक्तींच्या चाचणीत पक्षाघाताचे प्रमाणही सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे आढळले. मात्र स्नायूंच्या गंभीर हानीमुळे सेरिव्हास्टॅटिन हे याच वर्गातील औषध २००१ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले होते, हेही विसरता येत नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसते की, १९८० मधील सावधगिरी अनाठायी नव्हती. परंतु तिची किंमत उपचारावाचून राहिलेल्या रुग्णांनी मोजली. एंडो २०२४ मध्ये निवर्तले. त्यांचे कॉम्पॅक्टिन औषध म्हणून कधीच विक्रीस आले नाही. औषधाचा इतिहास लिहिताना शोधकर्त्याइतकेच चाचणीत सहभागी झालेल्या अनाम रुग्णांनाही स्थान देणे म्हणूनच अगत्याचे ठरते.