सिंधूचे काळे गाल : एका फोटोओळीची दुरुस्ती

आमच्या मंडळाच्या संग्रहात फोंडा तालुक्यातल्या एका देवळाच्या उत्सवी नाटकाचा फोटो आहे. 'एकच प्याला'तली सिंधू. काम करणारे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, फोटो 1934 च्या सुमाराचा. काही वर्षांपूर्वी त्याच्याखाली मी ओळ लिहिली होती : 'दारिद्र्याने खंगलेली सिंधू. गाल खोल गेलेले दाखवणारी वास्तववादी रंगभूषा लक्षणीय.' ही ओळ पुढे एका विद्यार्थ्याने आपल्या निबंधात घेतली, आणि आमच्या घरात तर धाकटे आजोबा रंगभूषेतले मोठे सुधारकच ठरले. ती ओळ चुकीची आहे. आता ती काढली आहे. पण चूक कशी झाली ते सांगण्यासारखं आहे, कारण अशा फोटोंवर ओळी लिहिणारा मी एकटा नाही.

झालं असं, की गेल्या उत्सवात आम्ही 'एकच प्याला'चे काही प्रवेश केले. सिंधूच्या रंगभूषेचं काम माझ्याकडे होतं. मी फोटो समोर ठेवला आणि शेवटच्या अंकासाठी नटाच्या दोन्ही गालांवर तपकिरी रंगाचे चांगले गडद पट्टे ओढले. रंगपटातल्या पिवळ्या बल्बखाली मला ते झकास वाटलं. रंगमंचावर एलईडीचे पांढरे दिवे लागले आणि पुढच्या रांगेतल्या एका पोराने मोठ्याने विचारलं, "सिंधूला दाढी आलीय का?" गंभीर प्रवेशाचा पार विचका झाला.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या एका वयोवृद्ध रंगभूषाकारांकडे गेलो. त्यांचे वडीलही उत्सवी नाटकांत तोंडं रंगवायचे. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. ते कोंकणीतच बोलतात. मी इथे मराठीत देतो.

फोटो बघून ते म्हणाले, "अरे बाबा, ही गरीब सिंधू नव्हे. नथ बघ, साडीचे काठ बघ. हा पहिल्या अंकातला साज. ह्या गालांवर लाली आहे."

"पण भाऊ, लाली इतकी काळी कशी दिसेल?"

त्यांनी फोटोतल्या कपाळावर बोट ठेवलं. "आणि हे कुंकू काय रंगाचं लावलंय तुझ्या आजोबांनी? काळं?"

कुंकू खरंच कोळशासारखं काळं दिसत होतं. ओठही. इतकी वर्षं मी ते पाहत होतो आणि फक्त गालांचाच अर्थ लावत होतो.

कारण फोटोग्राफीतलं आहे. तेव्हा सर्रास वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांना आणि फिल्मला लाल रंग जवळजवळ 'दिसत' नसे. निळा उजळ उमटे आणि लाल काळा पडे. म्हणजे प्रेक्षकांसमोर गुलाबी असलेला गाल फोटोत खोल गेलेला दिसतो. मूकपटांच्या सुरुवातीच्या काळात नटांच्या तोंडाला लाल रंग टाळत, तो याच कारणाने. उत्सवी नाटकाचा फोटो मात्र आठवण म्हणून काढायचा; रंग प्रेक्षकांसाठी लावलेला, काचेसाठी नव्हे.

आता ती लाली एवढी ठसठशीत का, हा प्रश्न राहतो. भाऊंच्या घरी जुनी पेटी आहे. वडिलांच्या वेळचं साहित्य त्यांनी सांगितलं : सफेदा, पिवडी, हिंगूळ, मुरदाडशिंग, काजळ, आणि हे सगळं कालवायला खोबरेल. (हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग आणि मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं. जुन्या पद्धतीने रंगवू या म्हणणाऱ्या उत्साही मंडळींनी हे आधी लक्षात घ्यावं. जुनी पद्धत अभ्यासावी, तोंडाला फासू नये.) पुढे कोणीतरी मुंबईहून बर्लिनच्या लाइखनर कंपनीच्या रंगकांड्या आणल्या. इंग्लंडच्या रंगभूमीवर पाच नंबरची हस्तिदंती आणि नऊ नंबरची विटकरी मिसळून चेहऱ्याचा रंग साधत. आपल्याकडे काही जणांनी नुसती पाच नंबरची लावली आणि सावळी तोंडं राखाडी दिसू लागली. भाऊंच्या वडिलांनी त्यात पिवडी मिसळून ते सुधारलं, असं ते अभिमानाने सांगतात.

खरा मुद्दा उजेडाचा. तेलाच्या दिव्यांचा उजेड पिवळा आणि मंद. त्यात पिवळा रंग हरवतो, लाल फिका पडतो. म्हणून सफेदा जाड आणि लाली गडद. शेवटच्या रांगेत चटईवर बसलेल्या माणसाला डोळे, ओठ, गाल वेगळे कळायला हवेत. गॅसबत्त्या आल्या तेव्हा उजेड पांढरा झाला आणि तीच लाली अंगावर येऊ लागली. भाऊंच्या वडिलांना ती निम्म्यावर आणावी लागली. आमच्या गावात वीज आली ती मुक्तीनंतर. प्रत्येक वेळी दिवे आधी बदलले आणि हात मागाहून बदलले. मधल्या वर्षांतल्या नाटकांबद्दल 'तोंडाला चुना फासल्यासारखं दिसे' असं जुने लोक सांगतात ते खरं असणार. पण त्यावरून त्याआधीच्यांना रंगभूषा कळत नव्हती असं म्हणणं म्हणजे मी केलेल्या चुकीचीच उलटी बाजू.

माझ्या त्या रात्रीच्या कामगिरीवर भाऊंनी बराच वेळ घेतला. पहिली चूक : रंगपटातल्या आरशावर विश्वास. "रंग लावलास की नटाला रंगमंचावर उभा कर, दिवे लाव आणि तू दहाव्या रांगेत जाऊन बघ." दुसरी : रंग जबड्याच्या कडेला थांबला होता. मान, कान, हात स्वतःच्या रंगाचे, म्हणजे मुखवटाच. सिंधूचे तर हात सतत दिसतात. तिसरी चूक मला सर्वांत महत्त्वाची वाटली. पट्टे गडद झालेत असं मध्यंतरात लक्षात आल्यावर मी त्यांच्यावर फिका रंग चढवला होता आणि गाल आणखी मळकट झाले होते. जास्त झालेला रंग रंगाने झाकत नाहीत. बोटाने कडा विरवायच्या, मग कोरडी पावडर दाबायची, घासायची नाही. भुवया खालीवर झाल्या तर लांब असलेली आखूड करायची. आखूड वाढवत बसलं की दोन्ही कानापर्यंत जातात.

आणि खंगलेली सिंधू? 'एकच प्याला' 1919 मध्ये बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणलं, गडकरी गेल्यानंतर महिन्याभरात. तिथे बालगंधर्वांचा चेहरा कसा रंगवला होता ते भाऊंना ठाऊक नाही, मलाही नाही. त्यांच्या वडिलांची रीत मात्र सोपी होती : शेवटच्या अंकाआधी काही लावायचंच नाही, काढायचं. खोबरेलाच्या फडक्याने लाली आणि ओठ पुसायचे, दागिने उतरवायचे, कुंकू तेवढं ठेवायचं. पहिल्या अंकात गाल लाल पाहिलेला प्रेक्षक ते नसलेले बरोबर ओळखतो.

फोटोखाली आता एवढंच आहे : 'एकच प्याला, पहिला अंक, सिंधू. गालांवर लाली.' मंडळातल्या एकाने हा फोटो संगणकावर रंगवून आणला होता, गाल तपकिरी ठेवून. तो आम्ही लावलेला नाही. संग्रहातले आणखी अकरा फोटो मी कपाळावरचं कुंकू आधी बघून पुन्हा तपासतो आहे. त्यातल्या दोन 'खाष्ट सासवा' बहुधा नायिका निघतील.