मेल्यावर मागं काय राहतं?



आम्ही जालन्याच्या लोखंडाच्या मिलमध्ये घाम गाळणारी माणसं. शाळा थोडी झाली, वाचन झालं ते रात्रपाळीच्या फावल्या वेळात. विहाराच्या या स्मरणिकेत आम्ही एकाच प्रश्नावर लिहितो. राजूरला आमच्या वस्तीत मयतीला गेलं की कोणीतरी तो विचारतंच. "आत्मा नाही, स्वर्ग नाही, पिंडदान नाही. मग माणूस मेला की सगळं संपलं? मग चांगलं वागायचं तरी कशाला?"

याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. परलोकाने आपल्या वाडवडिलांना काय दिलं, हे आधी आठवा. मागच्या जन्मी पाप केलं म्हणून या जन्मी अस्पृश्य झालात, हेच ना? म्हणजे गावकुसाबाहेर ठेवणारे सुटले आणि दोष आपल्या माथी. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष, पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत निघाला. गरिबाची गरिबी मागच्या जन्मावर ढकलली की समाजाची जबाबदारी संपते, हे त्यांनी त्यात उघड करून दाखवलं.

मग चांगलं का वागावं? तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना हे सांगितलं आहे. परलोक असेल तर सदाचारी माणसाचं तिथे भलंच होईल. नसेल तरी तो याच जन्मी वैर न धरता, सुखाने जगला. त्याचा तोटा कशातच नाही.

आता मागं काय राहतं ते पाहू. राजा मिलिंदाने भन्ते नागसेनांना विचारलं होतं, इथून तिथे काहीच जात नाही, तर पुनर्जन्म कसा? नागसेन म्हणाले, एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिला दिवा दुसऱ्यात जातो काय? लहानपणी गुरूकडून श्लोक शिकलात, तो गुरूला सोडून तुमच्याकडे आला काय?

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं. पुढे त्याला मिलिंदाचं नाव दिलं, परिसराला नागसेनवन म्हटलं. दोनच वर्षांपूर्वी निजामाच्या राजवटीतून सुटलेल्या मराठवाड्यात खेड्यापाड्यांतली आपली पोरं तिथे शिकली. त्यांनी पुढच्यांना शिकवलं. बाबासाहेब १९५६ ला गेले, पण दिव्यावर दिवा लागतच राहिला.

आमचे वडील निरक्षर होते. वस्तीतली पोरं हाताला धरून शाळेत नेऊन बसवायचे. ते गेले त्या रात्री, खोटं कशाला सांगावं, आम्हालाही वाटलं की कुठेतरी परत भेटावेत. आम्ही पुस्तकं वाचलेली होती, पण डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही. पुण्यानुमोदनाला एक मास्तर आले. म्हणाले, "तुमच्या बापानं मला पहिल्यांदा शाळेत नेलं. आज मी तेच करतो." आमचे वडील आम्हाला तिथे भेटले.

तेरावं घातलं नाही. त्या पैशाच्या वह्या-पुस्तकं आणून याच वस्तीत वाटली.

आपलं आयुष्य एकच आहे, म्हणूनच ते मोलाचं. चांगलं काम पुढच्या जन्मावर टाकायची आपल्याला सोय नाही. या वर्धापनदिनी प्रत्येक घराने एका पोराच्या शिक्षणाचा भार उचलावा, एवढीच आमची कळकळीची विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!